दिनविशेष तपासायचा कसा? ऋतू, आरोग्य आणि वारसा दिनांसाठी भरवशाची संकेतस्थळं

जागतिक कुष्ठरोग दिन कधी असतो, असं विचारलं तर दोन उत्तरं मिळतात आणि दोन्ही बरोबर असतात. बहुतेक जगात तो जानेवारीच्या शेवटच्या रविवारी पाळतात, भारतात 30 जानेवारीला. बालदिनाचा गोंधळ याहून मोठा. संयुक्त राष्ट्रांचा जागतिक बालदिन 20 नोव्हेंबरला असतो, कारण 1959 साली बालहक्कांचा जाहीरनामा आणि 1989 साली बालहक्कांचा करार याच तारखेला मंजूर झाला. अनेक देश मात्र बालदिन 1 जूनला साजरा करतात, आणि काहींची तारीख तिसरीच.

शाळेचा फलक, संस्थेची पत्रिका, आरोग्य शिबिराचं वेळापत्रक, नाहीतर एखाद्या गटावरचा रोजचा संदेश. हे काम ज्याच्या गळ्यात पडतं तो सहसा ‘आजचा दिनविशेष’ असं शोधून हाती लागलेली पहिली यादी उचलतो. ती यादी दुसऱ्या यादीवरून उतरवलेली असते आणि ती दुसरी तिसरीवरून. म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीचा: दिवस कोणता हे पाहण्याआधी तो कोणी जाहीर केला हे शोधा. ते नाव हाती आलं की कोणत्या संकेतस्थळावर जायचं, तिथे काय वाचायचं आणि किती विश्वास ठेवायचा, हे सगळं त्यातूनच ठरतं.

आधी तारखेचा प्रकार ओळखा

काही तारखा पक्क्या असतात. 7 एप्रिल हा जागतिक आरोग्य दिन, कारण 1948 मध्ये त्या दिवशी जागतिक आरोग्य संघटनेची घटना अमलात आली. अशी तारीख एकदा तपासली की पुढची कित्येक वर्षं चालते.

काही दिवस वारावर बांधलेले असतात. जागतिक मूत्रपिंड दिन मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी, जागतिक दमा दिन मेच्या पहिल्या मंगळवारी, जागतिक दृष्टी दिन ऑक्टोबरच्या दुसऱ्या गुरुवारी. गेल्या वर्षीच्या फलकावरून तारीख उतरवली की हे दिवस हमखास चुकतात.

तिसरा प्रकार आकाशावर अवलंबून असलेल्या दिवसांचा: संपात (दिवस आणि रात्र जवळपास सारखे असतात तो), अयन (वर्षातला सगळ्यात मोठा किंवा लहान दिवस), आणि चंद्रावर चालणारे सण. त्यांच्याकडे नंतर येऊ.

आणखी एक उपद्रव म्हणजे बदललेली तारीख. जागतिक हृदय दिन 2010 पर्यंत सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी असे. 2011 पासून तो 29 सप्टेंबरला पक्का झाला. हिपॅटायटिस दिन रुग्णसंघटना आधी 19 मे रोजी पाळत. 2010 मध्ये जागतिक आरोग्य सभेने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांच्या वार्षिक बैठकीने, त्याला मान्यता दिली आणि तो 28 जुलैला आला, म्हणजे हिपॅटायटिस बी विषाणूचा शोध लावणारे बारूख ब्लुमबर्ग यांच्या जन्मदिनी. तंबाखूविरोधी दिनाची सुरुवात 1988 मध्ये 7 एप्रिलला झाली, पुढच्याच वर्षापासून तो 31 मेला गेला. जुन्या तारखा जुन्या पानांवर तशाच पडून असतात आणि शोधयंत्र त्या निमूटपणे समोर आणून ठेवतं.

संयुक्त राष्ट्रांची यादी आणि त्यातला ठराव क्रमांक

सुरुवात संयुक्त राष्ट्रांच्या संकेतस्थळावरच्या आंतरराष्ट्रीय दिवसांच्या यादीपासून करावी. मुख्य पत्ता ‘यूएन डॉट ऑर्ग’, त्यात ‘ऑब्झर्व्हन्सेस’ हा विभाग. दिवस, आठवडे, वर्षं आणि दशकं यांच्या वेगवेगळ्या याद्या तिथे आहेत. बहुतेक लोक तिथून दिवसाचं नाव घेतात आणि निघून जातात. खरा ऐवज नावाशेजारच्या कंसात असतो: ठरावाचा क्रमांक, किंवा दिवस एखाद्या संलग्न संस्थेने ठरवला असेल तर त्या संस्थेचं नाव.

मधुमेह दिनाचं उदाहरण घ्या. त्याच्यासमोर ‘ए/आरईएस/61/225’ असा क्रमांक दिसतो. याचा अर्थ आमसभेच्या 61 व्या अधिवेशनातला 225 वा ठराव. त्यावर टिचकी मारली की मूळ ठराव उघडतो. तो डिसेंबर 2006 मधला आहे, पण ठरावातच लिहिलेलं सापडतं की 14 नोव्हेंबरचा दिवस आधीपासून पाळला जात होता. म्हणजे ‘मधुमेह दिन 2006 पासून’ आणि ‘1991 पासून’ ही दोन्ही विधानं फिरताना दिसतात त्याचं कारण इथे कळतं: आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघ आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी तो 1991 मध्ये सुरू केला आणि आमसभेने नंतर त्यावर मोहोर उमटवली. तारीख का निवडली? इन्सुलिनच्या शोधातले फ्रेडरिक बँटिंग यांचा तो जन्मदिवस, साल 1891.

ठराव साधारण एकदोन पानांचे असतात. इंग्रजी ओबडधोबड सरकारी असलं तरी शेवटचे दोनतीन परिच्छेद वाचले तरी पुरतं, कारण ‘ठरवण्यात येत आहे की’ असं जे काही असतं ते तिथेच असतं. क्रमांक माहीत असेल आणि दुवा चालत नसेल, तर संयुक्त राष्ट्रांच्या डिजिटल ग्रंथालयात तो क्रमांक टाकून शोधावा.

एखादा दिवस या यादीत नाही म्हणून तो खोटा ठरत नाही. जागतिक कर्करोग दिन, 4 फेब्रुवारी, हा आंतरराष्ट्रीय कर्करोग नियंत्रण संघाचा उपक्रम आहे आणि त्याचा उगम 2000 सालच्या पॅरिस सनदेत आहे. त्याचं स्वतंत्र संकेतस्थळ आहे, तेच त्याचं मूळ. मूत्रपिंड दिन, हृदय दिन, दमा दिन हेही असेच तज्ज्ञांच्या संघटनांनी चालवलेले दिवस. मात्र जाहीर करणारा कोणीच सापडत नसेल, तर सावध व्हावं. ठरावीक शुल्क घेऊन ‘राष्ट्रीय अमुक दिन’ नोंदवून देणारी संकेतस्थळंही आहेत, आणि एखाद्या वस्तूचा दिवस बहुधा ती वस्तू विकणाऱ्यानेच काढलेला असतो. मजेसाठी पाळायला हरकत नाही, फक्त ‘जागतिक’ हे विशेषण लावताना हात आखडता घ्यावा.

आरोग्य: तारखेपेक्षा मजकूर जपून घ्या

फलकावर वारसा दिनाची तारीख एका दिवसाने चुकली तर कोणाचं काही बिघडत नाही. आरोग्याचा चुकीचा सल्ला मात्र कोणीतरी खरोखर पाळतो. म्हणून इथे वेळ जास्त द्यावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्त्याचा शेवट ‘डॉट इंट’ असा आहे. हा शेवट देशादेशांमधल्या कराराने स्थापन झालेल्या संस्थांनाच मिळतो. ‘डॉट ऑर्ग’ मात्र कोणीही घेऊ शकतो, त्यामुळे केवळ ऑर्ग पाहून निर्धास्त होऊ नये. संघटनेच्या संकेतस्थळावर ‘कॅम्पेन्स’ नावाचा विभाग आहे. 24 मार्चचा क्षयरोग दिन (रॉबर्ट कॉख यांनी 1882 मध्ये या तारखेला क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला), 25 एप्रिलचा हिवताप दिन, 14 जूनचा रक्तदाता दिन (रक्तगट शोधणारे कार्ल लँडस्टायनर यांचा जन्मदिवस), 17 सप्टेंबरचा रुग्णसुरक्षा दिन, 18 ते 24 नोव्हेंबरचा प्रतिजैविक-प्रतिरोध जागृती सप्ताह, 1 डिसेंबरचा एड्स दिन, अशा प्रत्येकासाठी तिथे वेगळं पान असतं.

त्या पानावर क्रमाने तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, वर्ष. दर वर्षी विषय बदलतो आणि जुन्या वर्षांची पानंही तशीच उघडी राहतात. घोषवाक्य घेताना पानाच्या शीर्षकात चालू वर्ष आहे ना, हे बघा. काही मोहिमा एकच विषय तीन वर्षं चालवतात. कर्करोग दिनाचा 2022 ते 2024 चा विषय उपचारांमधली दरी मिटवण्याचा होता आणि 2025 पासून दुसरं त्रैवार्षिक सूत्र सुरू झालं. तेव्हा ‘घोषवाक्य जुनंच दिसतंय’ म्हणून स्वतःच नवं रचायला बसू नये.

दुसरी, ‘फॅक्ट शीट’. रोगाची लक्षणं, प्रसार, प्रतिबंध, उपचार यांची थोडक्यात माहिती देणारं हे पान असतं आणि त्यावर ते कधी अद्ययावत झालं ती तारीख असते. आकडा घेतलात तर आकड्यासोबत तो कोणत्या वर्षाचा आहे तेही लिहा. नाहीतर दोन वर्षांनी तुमचाच मजकूर कोणीतरी ‘ताजी आकडेवारी’ म्हणून पुढे पाठवेल.

तिसरी, परवाना. संघटनेची बरीच प्रकाशनं मूळ श्रेय देऊन, बिनव्यापारी कामासाठी आणि त्याच अटींवर पुढे वापरता येतात. तुम्ही मराठीत भाषांतर केलंत, तर ते तुमचं भाषांतर आहे आणि संघटनेने तपासलेलं नाही, असं स्पष्ट लिहावं लागतं. हा नियम मला नुसता कायदेशीर वाटत नाही. वाचणाऱ्याला जबाबदारी कोणाची ते कळायलाच हवं.

दिवसाच्या पानापलीकडे आजाराविषयी नीट वाचायचं असेल तर दोन जागा सुचवेन. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचं ‘मेडलाइनप्लस’ सामान्य वाचकासाठी लिहिलेलं आहे आणि त्यावर जाहिराती नसतात. ‘अमुक उपायाने खरंच फरक पडतो का’ असा प्रश्न असेल तर ‘कॉक्रेन’. तिथे एकाच प्रश्नावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले जातात आणि प्रत्येक आढाव्याचा सोप्या भाषेतला सारांश मोफत वाचता येतो. औषध कंपन्यांचा पैसा ही संस्था घेत नाही. इतर कोणत्याही आरोग्यविषयक संकेतस्थळावर ‘आमच्याविषयी’ आणि ‘प्रायोजक’ ही दोन पानं आधी उघडायची सवय लावून घ्या. जागृती सप्ताहाचा प्रायोजक त्याच आजाराचं औषध किंवा तपासणी यंत्र विकत असेल तर मजकूर लगेच खोटा ठरत नाही, पण त्यात कशावर भर आहे आणि काय गाळलं आहे, हे बारकाईने बघावं लागतं.

सगळ्यात जास्त गफलत होते ती ‘कोणत्या वयात तपासणी करावी’ या सल्ल्यात. स्तनांच्या कर्करोगासाठीच्या मॅमोग्राफीचं, म्हणजे स्तनांच्या क्ष-किरण तपासणीचं, उदाहरण घ्या. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने 2024 मध्ये 40 ते 74 वयाच्या स्त्रियांना दर दोन वर्षांनी ती सुचवली. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा 50 वर्षांपासून 71 व्या वाढदिवसापर्यंत दर तीन वर्षांनी बोलावते. दोन्ही संस्था जबाबदार, तरी सल्ले वेगळे, कारण दोन्हीकडचे निकष आणि यंत्रणा वेगळ्या आहेत. परदेशी पानावरून असं वय उतरवून आपल्या फलकावर ‘प्रत्येकीने’ म्हणून लावू नये. लक्षणं आणि प्रतिबंध यांची माहिती जगभर चालते. तपासणीचं वय, लसींचं वेळापत्रक आणि मदतीचे दूरध्वनी क्रमांक मात्र ज्या देशात वाचक आहेत, त्या देशाच्या आरोग्य खात्याच्या संकेतस्थळावरूनच घ्यावेत.

आकाशावर चालणारे दिवस

संपात किंवा अयन हा खरं तर दिवस नव्हेच, तो एक क्षण असतो. 2026 मधला सप्टेंबरचा संपात जागतिक समन्वित वेळेनुसार (यूटीसी) 23 तारखेला मध्यरात्रीनंतर अवघ्या 5 मिनिटांनी येतो. त्याच क्षणी न्यूयॉर्कमध्ये 22 तारखेची संध्याकाळ उलटलेली असते. दोन संकेतस्थळांवर दोन तारखा दिसल्या तर चूक शोधण्याआधी वेळेचा पट्टा पाहा. नॉर्वेतून चालणाऱ्या ‘टाइम अँड डेट’वर शहर निवडलं की स्थानिक वेळेनुसार क्षण मिळतो. अमेरिकन नौदल वेधशाळेच्या तक्त्यांशी तो ताडून पाहता येतो. ग्रहणांसाठी नासाचं ग्रहणांना वाहिलेलं संकेतस्थळ आहे. तिथले नकाशे पाहिले की ग्रहण आपल्याकडे दिसणार की नाही हा प्रश्न पाच मिनिटांत सुटतो.

‘वसंताचा पहिला दिवस’ असं कुठे दिसलं तर ते कोणत्या गोलार्धाबद्दल आहे ते पाहा. मार्चचा संपात उत्तरेकडे वसंत आणतो, दक्षिणेकडे शरद. शिवाय हवामानशास्त्रज्ञ सोयीसाठी ऋतू महिन्याच्या 1 तारखेपासून मोजतात, म्हणून त्यांचा वसंत 1 मार्चलाच सुरू होतो.

चांद्र कालगणनेवरचे सण सौर कॅलेंडरमधून का सरकतात हे एकदा समजून घेतलं की निम्मी शोधाशोध वाचते. हिजरी (इस्लामी) वर्ष 354 किंवा 355 दिवसांचं, त्यात अधिक महिना नाही, म्हणून त्याचे सण दर वर्षी सुमारे 11 दिवस अलीकडे येतात. 2030 मध्ये तर रमजानची सुरुवात दोनदा होईल, एकदा जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरात. भारतीय, चिनी आणि हिब्रू पंचांगं अधिक महिना घालून ऋतूशी मेळ राखतात, म्हणून त्यांचे सण पुढेमागे होतात पण ऋतू सोडत नाहीत. ईस्टरचा नियम वेगळाच: 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, तोही चर्चच्या ठरलेल्या गणिताने. पाश्चिमात्य आणि ऑर्थोडॉक्स परंपरांची पंचांगं निराळी असल्याने 2025 मध्ये दोन्ही ईस्टर 20 एप्रिलला एकत्र आले, 2026 मध्ये मात्र 5 आणि 12 एप्रिल असे वेगळे पडतात.

चंद्र प्रत्यक्ष दिसण्यावर जे सण ठरतात, त्यांच्यापुढे चांगली संकेतस्थळं ‘संभाव्य’ असं लिहितात. तो शब्द तुमच्याही यादीत ठेवा. सुट्टी अधिकृत आहे का, हे शेवटी त्या त्या देशाच्या सरकारी राजपत्रावरून किंवा अधिसूचनेवरूनच ठरतं.

वारसा: चार याद्या, चार अर्थ

‘युनेस्कोने वारसा म्हणून घोषित केलं’ या एका वाक्यात चार निरनिराळ्या गोष्टी लपलेल्या असतात. 1972 च्या करारानुसार स्थळांसाठी जागतिक वारसा यादी आहे. 2003 च्या करारानुसार कला, विधी, कौशल्यं, मौखिक परंपरा यांसाठी अमूर्त वारशाच्या याद्या आहेत. त्यातही तातडीने जपायला हवं अशा परंपरांची वेगळी. हस्तलिखितं आणि दस्तऐवजांसाठी 1992 मध्ये सुरू झालेला ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ कार्यक्रम आहे. आणि चौथी, सगळ्यात फसवी, तात्पुरती यादी. सदस्य देश भविष्यात ज्यांची शिफारस करणार अशा स्थळांची नावं त्यात स्वतःच देतात. तिथे नाव आलं म्हणजे दर्जा मिळाला असं मुळीच नाही, तरी बातम्यांचे मथळे मात्र तसेच येतात.

तपासायची पद्धत सोपी आहे. युनेस्कोच्या जागतिक वारसा केंद्राच्या संकेतस्थळावर स्थळाचं नाव शोधा. पानावर समावेशाचं वर्ष, निकषांचे रोमन आकडे (एकूण दहा) आणि संरक्षित क्षेत्राचा नकाशा असतो. ‘डॉक्युमेंट्स’ या विभागात मूळ प्रस्ताव आणि सल्लागार संस्थेचं मूल्यमापन मिळतं. हे मूल्यमापन जरूर वाचा. स्थळाची थोरवी तर असतेच, पण त्यातल्या उणिवा, धोके, देखभालीबद्दलचे आक्षेप इतक्या सरळपणे पर्यटनाच्या माहितीपत्रकात कधीच लिहिलेले नसतात. फलकासाठी चार ओळी हव्या असतील तर त्या इथून निघतात.

यादी कायमचीही नसते. ओमानमधलं अरबी ओरिक्स अभयारण्य 2007 मध्ये, ड्रेस्डेनचं एल्ब खोरं 2009 मध्ये आणि लिव्हरपूलचं बंदर 2021 मध्ये यादीतून काढलं गेलं. जुन्या लेखांत आणि प्रश्नमंजूषांमध्ये ती अजूनही ऐटीत बसलेली असतात. एकूण स्थळांची संख्याही जवळपास दर वर्षी बदलते, म्हणून ती छापण्याच्या दिवशीच पाहावी.

एखाद्या देशाचं राष्ट्रगीत युनेस्कोने ‘जगात सर्वोत्तम’ ठरवल्याचा संदेश आला तर शोधायचे कष्टही नकोत. अशी स्पर्धा ती संस्था घेतच नाही.

दिवसांपैकी 18 एप्रिलला लोक ‘जागतिक वारसा दिन’ म्हणतात, पण तो स्मारके आणि स्थळे यांचा आंतरराष्ट्रीय दिन म्हणून इकोमॉसने (स्मारके आणि स्थळे यांची आंतरराष्ट्रीय परिषद) 1982 मध्ये सुचवला आणि युनेस्कोच्या महासभेने पुढच्या वर्षी मान्य केला. दर वर्षीचा विषय इकोमॉसच्या संकेतस्थळावर सापडतो. संग्रहालय दिन 18 मे, 1977 पासून, आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेचा. मातृभाषा दिन 21 फेब्रुवारी, ढाक्यातल्या 1952 च्या भाषा आंदोलनाच्या स्मरणार्थ, युनेस्कोने 1999 मध्ये जाहीर केलेला. दृक्‌श्राव्य वारसा दिन 27 ऑक्टोबर.

चित्रं आणि बोधचिन्हं

जुनी छायाचित्रं आणि नकाशे यांसाठी ‘विकिमीडिया कॉमन्स’ आणि युरोपातल्या संग्रहालयांचा साठा एकत्र आणणारं ‘युरोपियाना’ या दोन ठिकाणी बहुतेक काम होतं. चित्राच्या स्वतःच्या पानावर जाऊन परवाना वाचा, छायाचित्रकाराचं नाव उतरवून घ्या आणि चित्राखालीच छापा.

आरोग्याचा फलक म्हटला की कोणीतरी पांढऱ्यावर लाल अधिकचिन्ह काढतंच. ते टाळा. हे चिन्ह जिनिव्हा करारांनी संरक्षित आहे आणि युद्धकाळातल्या वैद्यकीय सेवेसाठी व रेड क्रॉससाठी राखून ठेवलेलं आहे. हिरवं चिन्ह किंवा हृदयाची आकृती चालेल. संयुक्त राष्ट्रांचं बोधचिन्हही 1946 च्या ठरावाने सुरक्षित आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेचं बोधचिन्ह परवानगीशिवाय वापरता येत नाही. ते लावून आपला कार्यक्रम त्यांचा वाटेल असं करू नये.

हे सगळं कॅलेंडरमध्ये बसवायचं कसं

बरीच संकेतस्थळं तारखा ‘आयसीएस’ फाइलच्या, म्हणजे कॅलेंडरमध्ये थेट घालता येणाऱ्या फाइलच्या, रूपात देतात. ती दोन प्रकारे घेता येते. फाइल आयात केली की तारखा गोठतात, मूळ ठिकाणी बदल झाला तरी तुमच्याकडे जुनीच राहते. दुव्याचं सदस्यत्व घेतलं की बदल आपोआप येतात, जरी काही तासांनी. पक्क्या तारखा आयात करा. चांद्र सण आणि सुट्ट्या यांच्यासाठी सदस्यत्व घ्या. अनोळखी संकेतस्थळाचं सदस्यत्व मात्र घेऊ नका. फोनच्या कॅलेंडरमध्ये खोट्या इशाऱ्यांचा भडिमार याच वाटेने होतो.

प्रत्येक नोंदीच्या टिपणात तीन गोष्टी लिहून ठेवा: कोणी जाहीर केला, मूळ पानाचा दुवा, आणि तुम्ही शेवटचं कधी तपासलं. मूळ पान गायब झालं तर ‘इंटरनेट आर्काइव्ह’च्या ‘वेबॅक मशीन’मध्ये त्याचा पत्ता टाकून जुनी प्रत काढता येते. एखाद्या दिवसाची तारीख नेमकी कधी बदलली हेही तिथे वर्षागणिक पाहता येतं. आणि मोठ्या संकेतस्थळाचं स्वतःचं शोधखातं धड चालत नसेल, जे वारंवार घडतं, तर शोधयंत्रात इंग्रजीत ‘साइट’ लिहून लगेच कोलन, त्याला चिकटून संकेतस्थळाचा पत्ता आणि मग एक जागा सोडून दिवसाचं नाव टाका. फक्त त्याच संकेतस्थळावरची पानं समोर येतील.

यादी वर्षातून चारदा चाळली तरी पुरते. मेमध्ये जागतिक आरोग्य सभा भरते, तेव्हा आरोग्य दिनांमध्ये भर पडू शकते. जागतिक वारसा समितीची बैठक बहुधा जूनजुलैत, त्यानंतर स्थळांची यादी पाहा. आमसभेचं अधिवेशन सप्टेंबरात सुरू होतं आणि नव्या दिवसांचे बरेच ठराव डिसेंबरपर्यंत मंजूर होतात. अमूर्त वारशाची समितीही बहुधा नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास बसते. वारावर बांधलेल्या दिवसांच्या पुढच्या वर्षीच्या तारखा मात्र जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच बसवून टाका, कारण कुष्ठरोग दिन त्याच महिन्यात येतो.